पेढ्यातली गोळी

पुनावळ्यात शेतं होती तेव्हा आजारी बैलाचं तोंड वर धरून बांबूच्या नळीने काढा पाजावा तो अंबुबाईंनीच. आता शेतांवर बिल्डिंगा आल्या, गोठ्यात मुलाची गाडी उभी राहते, आणि सांभाळायला उरला तो एकटा टायगर. जातीने लॅब्रॅडॉर, थाट मात्र जावयाचा.

तो पुढच्या पायाने लंगडायला लागला तेव्हा डॉक्टर तेजस्विनींनी एक्स-रे काढून सांगितलं की कोपराचा सांधा झिजलाय. "कुत्र्याला कोपर असतंय व्हय?" म्हणत अंबुबाई घरी येईपर्यंत हसत होत्या. डॉक्टरांनी सांध्याच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, आणि वजन उतरवा म्हणून बजावलं. सून स्वप्नालीने मापाचा कप आणला आणि ती टायगरचं खाणं त्या कपाने मोजून द्यायला लागली. गोळीचं काम अंबुबाईंनी कुणाला करू दिलं नाही.

"बैलं सांभाळल्यात मी. जनावर आपणहून औषिद घेत न्हाई," त्या म्हणाल्या.

गोळी त्या पेढ्यात दडवायच्या. टायगर एका घासात गट्ट करायचा. बिचाऱ्याचं तोंड कडू झालं असेल म्हणून वर आणखी एक पेढा. एवढी माया त्यांनी नातवंडांवरही केली नसेल.

दिवाळी आली तरी लंगडणं थांबेना. उलट उठताना तो कण्हायला लागला, ओट्याच्या पायऱ्या चढेना. अंबुबाईंनी बोल लावला तो सुनेला. कप घेऊन मुक्या जिवाला उपाशी मारतीय, मग अंगात ताकद कुठून यायची? ही तक्रार त्यांनी भाजीवालीपासून नणंदेपर्यंत सगळीकडे पोहोचवली. स्वप्नाली चाकणच्या कंपनीतून दमून यायची, ऐकून घ्यायची आणि पुन्हा कप भरायची.

शेवटी दोघी टायगरला घेऊन दवाखान्यात गेल्या. बाकड्यांवर माणसं होती, पण अंबुबाईंचा आवाज काही दबला नाही.

"डॉक्टरीणबाई, तुमच्या गोळ्या खोट्या हायेत. आन् आमची सून ह्याला पोटभर घालत न्हाई."

डॉक्टरांनी टायगरला काट्यावर चढवलं. "आजी, वजन तर वाढलंय. उपाशी कुत्रं असं फुगतं का? गोळी कशी देता?"

"पेढ्यात," अंबुबाई ताठ मानेने म्हणाल्या. "वर अजून एक देते."

बाकड्यावर कुणीतरी फिस्कन हसलं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "गोळीचा आधार थोडासाच असतो, तोही प्रत्येकाला लागू पडतोच असं नाही. कोपरावरचा भार उतरला नाही तर तिचं काही चालत नाही." मग त्यांनी एक गोळी नुसतीच तळहातावर धरली. टायगरने ती उचलली, कुरुमकुरुम चावली आणि डॉक्टरांचा हात चाटून काढला.

"हिला कोंबडीची चव असते, आजी. लपवायची गरजच नव्हती."

अंबुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसणाऱ्याचं त्यांना फार लागलं नाही. स्वप्नालीने 'बघा, उपाशी नव्हता ना' असं एका शब्दाने म्हटलं नाही, ती साखळी धरून खाली बघत राहिली, ते लागलं. परतताना भाजीवाली समोरून आली तर अंबुबाईंनी पदर पुढे ओढला. कुठल्या तोंडाने बोलायचं?

घरी आल्यावर त्यांनी ओट्यावर पाय धुतले. मग आत जाऊन सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं. तुला न्हाई न्हाई ते बोलले. उद्या भाजीवालीला मीच सांगते."

"राहू द्या हो, आई," स्वप्नाली म्हणाली आणि गोळ्यांची डबी त्यांच्याच हातात दिली.

संध्याकाळी अंबुबाईंनी नुसती गोळी पुढे केली. टायगरने ती खुशीत खाल्ली. मग तो खुरडत फ्रीजपाशी गेला, दुखरा पाय उचलून धरत कसाबसा बसला, आणि रोजच्या पेढ्यासाठी अंबुबाईंच्या तोंडाकडे बघत शेपटी हलवायला लागला.