आत्याच्या कॉम्प्युटरला वाचा फुटली

माझी आत्या डभोईला एकटी राहते. जन्मभर बडोद्याच्या एका मराठी शाळेत टायपिस्ट होती. आता नजर गेली, बोटं तेवढी शाबूत. लिहिलेलं वाचून दाखवणारे कॉम्प्युटर असतात असं तिनं कुठूनसं ऐकलं आणि माझ्यामागे धोशाच लावला.

"माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यालाही बोलायला शिकव गं. शेजारीपाजारी जीव लावतात, पण सगळं गुजरातीतून. मराठी कानावर पडायचं म्हणजे तुझा फोन यायला हवा."

डबा तर सुरूच होईना. नवी सिस्टिम घालायची, तर तिच्याकडे नेटच्या नावानं आनंदीआनंद! मग बडोद्यात पाणीगेटला आमच्या घरी अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवर उतरवली, पर्सच्या चोरकप्प्यात टाकली आणि बस पकडली.

तिथं आम्ही दोघी जेवलो आणि मी कामाला बसले, तर पेनड्राइव्ह आत जाईना. ढकललं, फुंकलं, चिडले. शेवटी सेफ्टी पिनेनं ते भोक उकरलं, तर आतून तांदळाचा दाणा निघाला, कुंकवानं लाल! आमचं घराणं बडोदा संस्थानच्या शिपायांचं, खंडेनवमीला तलवार पुजणारं. तलवार कधीच गेली, म्हणून आत्या कॉम्प्युटर पुजते, अगदी अक्षता वाहून.

"कर्म माझं! आत्या, त्याच्या नाकात अक्षता कोंबल्यास!"

"मग? मला दिसतंय का, त्याचं कपाळ कुठं नि नाक कुठं?"

दाणा निघाल्यावर पेनड्राइव्ह आत बसला. पुढं कॉम्प्युटरनं विचारलं, नेट नाही, चालेल का? मी म्हटलं, चालेल बाबा. गडी मुकाट कामाला लागला. वाचणारा आवाज त्या नखाएवढ्या पेनड्राइव्हवरच होता. मी तो चालू केला आणि खोलीत कुणीतरी मराठी बोललं! उच्चार वाकडेतिकडे, पण मराठी. कुठल्या कोण माणसांनी, आत्याला न ओळखता, तिची भाषा आत घालून ठेवली होती. मला बाई हात जोडावेसे वाटले.

आत्यानं कीबोर्ड पुढं ओढला, चाचपून बोटं ठेवली. वाटलं, देवाचं नाव लिहील.

तिनं टाइप केलं आणि कॉम्प्युटर म्हणाला, "जेवलीस का गं?"

मला हसू आलं. "अगं, आत्ताच नाही का बरोबर जेवलो?"

"तुला नाही विचारलं," आत्या म्हणाली. मग आवाजाकडे तोंड करून तिनं सांगितलं, "जेवले हो. आज भाची आलीय ना."