विहीणबाईंची चादर

मी शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि माझ्या बहिणीचा साखरपुडा एका चादरीवरून मोडता मोडता राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

वैशालीचा साखरपुडा मांडवगण फराट्याला, आमच्या घरीच होता. मुलाकडची मंडळी वरवंडची. त्यांच्या पाच बायकांना मानाच्या साड्या द्यायच्या होत्या. असली खरेदी कायम आई करते, पण नेमका तिचा पाय मुरगळला. तिनं पैशांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"दौंडला जा. पाच साड्या आण, एकाच थप्पीतल्या. रंग येगळं, बाकी समदं सारखं. आन् पाकिटात हाय तेवढ्यातच बसव."

"आई, पाच जणींची आवड एकच कशी असेल?"

"आवड कोण इचारतंय? मान हाय त्यो."

मला तिची कीव आली. (कीव, आणि आईची! आज आठवलं की अंगावर काटा येतो.) ज्याला जे हवं तेच दिलं, तर तेवढ्याच पैशात जास्त समाधान मिळतं, हे मी दरवर्षी बारावीला फळ्यावर रेघा मारून सिद्ध करतो. दौंडला पोचल्यावर मोटारसायकल बाजूला लावली आणि वरवंडच्या पाचही जणींना एकेक करून फोन केले. मानाला काय हवं, हे आधी फोन करून विचारणारा तालुक्यात मीच पहिला असेन.

मुलाच्या आत्या लाजत म्हणाल्या, "मिक्सर चालंल का?" मावशी म्हणाल्या, "साड्या कपाटात मावंनात. धान्याला एखादं पिंप बघा." काकूंना इडलीपात्र हवं होतं. मुलाची बहीण नवऱ्याबरोबर शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहते. ती म्हणाली, "मला साडीच आणा, पर भारीतली." राहिल्या खुद्द विहीणबाई.

"तुम्ही आणाल त्ये चालंल," त्या म्हणाल्या.

या वाक्याचा खरा अर्थ कुठल्याही शहाण्या माणसाला कळतो. मी पडलो अर्थशास्त्राचा. काहीही चालेल म्हणणारं गिऱ्हाईक तटस्थ असतं, त्याच्यावर जादा खर्च करणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी! चौघींच्या वस्तू घेऊन पाकिटात जे उरलं, त्यात डबल बेडची एक चादर बसली. मोरांची. सगळा माल दुकानातच ठेवला आणि साखरपुड्याच्या दिवशी टेम्पोनं थेट मांडवात उतरवला. आईला सरप्राइज द्यायचं होतं.

आईनं मांडवात पिंप पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पण तोवर गुरुजींनी मान द्यायला सांगितलं होतं. आत्यांना मिक्सर मिळाला, त्या खूश. मावशींना पिंप, काकूंना इडलीपात्र, मुलाच्या बहिणीला जरीची साडी. विहीणबाईंनी पिशवी उघडली, चादर अर्धी बाहेर काढली.

"माझ्या पोराचा साखरपुडा," त्या सावकाश म्हणाल्या, "आन् मला हातरायला चादर?"

"तुम्हीच म्हणालात ना, काहीही चालेल?" मी म्हणालो. (हे वाक्य मी गिळायला हवं होतं.)

विहीणबाई उठल्या. "गाडी काढा," त्यांनी मुलाला सांगितलं. मुलगा हातातल्या अंगठीकडं बघत बसला. वैशाली माझ्याकडं बघत होती. तसं आजवर माझ्याकडं कुणी बघितलेलं नाही.

तेवढ्यात आई लंगडत पुढं आली. विहीणबाईंचा हात धरून तिनं त्यांना खाली बसवलं आणि शांतपणे म्हणाली, "अवो, ह्यातलं कुणाचं काई ठरल्यालंच न्हाई. पोरानं नुसतं पुढं आणून ठेवलंय. आमच्यात रीतच हाय, मुलाकडचा मान विहिणीच्या हातानं वाटायचा. तुम्ही म्होरं घ्या समदं, आन् तुमच्या मनासारखं द्या."

अशी रीत आमच्यात कधीच नव्हती. आईनं ती उभ्या उभ्या तयार केली होती.

सगळ्या वस्तू विहीणबाईंपुढं ठेवल्या गेल्या. त्यांनी पदर सावरला आणि वाटायला सुरुवात केली. मिक्सर आत्यांना दिला. पिंप मावशींना. इडलीपात्र काकूंना. मी डोळे विस्फारून पाहत होतो, सगळं जसंच्या तसं चाललं होतं! मग जरीची साडी आणि चादर उरली. त्या क्षणभर थांबल्या.

त्यांची लेक म्हणाली, "आई, चादर मला दे. खोलीवर लागतीच. साडी तुला शोभंल."

विहीणबाईंनी साडी मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुरुजी, मुहूर्त टळंल, घ्या की उरकून."

एक रुपया वाढवला नाही, एक वस्तू बदलली नाही, आणि पाचही जणी हसत जेवायला बसल्या. मी पंधरा वर्षं शिकवतोय, पण असलं काही फळ्यावर मांडता येईल असं मला वाटत नाही. आईच्या पाया पडावंसं वाटलं. मुरगळलेला सोडून दुसऱ्या पाया पडलोही.

पाहुणे गेल्यावर ती पाय शेकत बसली होती. म्हणाली, "कालेजात तू नेमकं काय शिकवतो रं?"

"हेच. थोड्या पैशात माणसानं शहाणपणानं निवड कशी करायची."

तिनं शेकणं थांबवलं. मग काळजीनं म्हणाली, "आन् पोरं पास व्हत्यात?"

"निम्मी होतात."

"ती घरनं शिकून येत असत्याल," आई म्हणाली.