दार न बांधणारी टोळी

कुलूपवाले काका आठवडाभर लोकांच्या दारांना कड्याकुलपं बसवायचे आणि रविवारी दोस्तांबरोबर एक काल्पनिक जग रचायचे. राजेराण्या बाकीच्यांनी आधीच पटकावल्या, तेव्हा रानटी टोळ्या काकांच्या गळ्यात पडल्या. नियम एकच होता, सगळ्यांना पटेल तेच त्या जगात टिकायचं.

त्या दिवशी काकांनी वाचून दाखवलं, "घरातलं कुणी बाहेर असेल, तर ही माणसं तंबूचं दार बांधत नाहीत."

"चहूकडे शत्रू आणि दार सताड उघडं?" दोस्तांतला न्हावी हसला. "कुणाला खरं वाटेल? असली टोळी एका हिवाळ्यात संपायची."

"संपतेच आहे," काका पुटपुटले आणि त्यांनी ती ओळ खोडली.

ते घरी आले, तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. मुलगा भांडून घराबाहेर पडला, त्याला वर्षं लोटली होती.

"कडी नाही ना लावलीत?" काकूंनी रोजच्यासारखंच विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

लावायची म्हटली तरी ती लागली नसती. केव्हाच गंजून अडकली होती, आणि काकांनी तिला तेलाचा थेंबही दाखवला नव्हता.