लग्नाच्या जेवणावर पडलेली पावडर

नवऱ्याला पक्षाघात झाला, त्याचं काम सुटलं, आणि मी यवतमाळातल्या आग विझवायच्या सामानाच्या दुकानात विक्रीच्या कामाला लागले. स्कूटीवर पायाशी लाल सिलिंडर ठेवून शाळा, दवाखाने, कापसाचे जिनिंग कारखाने पालथे घातले. लोक चहा पाजायचे. सिलिंडर कोणी घेत नव्हतं. शेवटी मालक म्हणाले, "ताई, शनिवारपर्यंत एक तरी ऑर्डर आणा. नाहीतर सोमवारी येऊ नका."

शनिवारी दारव्ह्याला गेले. एका मंगल कार्यालयात लग्न होतं. तिथला मॅनेजर मागे स्वयंपाकाजवळ सापडला. मोबाइलमधून मान न काढता तो म्हणाला, "मॅडम, इथं उदबत्तीशिवाय आजवर काही जळलं नाही."

"एक तरी ठेवून घ्या ना, दादा." मी गयावया करत होते आणि ते मलाच ऐकवत नव्हतं.

तेवढ्यात भट्टीच्या गॅसची नळी पेटली. जाळ वरच्या कापडी मांडवाकडे झेपावला. आचारी ओरडत मागे सरला. हातातल्या सिलिंडरची पिन मी स्वतः कधी ओढली नव्हती, मालकांना ओढताना फक्त पाहिलं होतं. आधी ती निघेचना. निघाली तशी दांडा दाबून धरला. आग विझली, आचाऱ्यानं धावत गॅस बंद केला.

पांढरा लोट खाली बसला तेव्हा दिसलं: वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळ्यावर पावडर. बाहेर मंगलाष्टकं चालू होती.

मुलीचे वडील धावत आले आणि पातेल्यांपाशी थांबले. "वऱ्हाडाले आता काय वाढू मी?"

"या बाईनं केलं," मॅनेजर म्हणाला. "कोणं बोलावलं होतं इले?"

ऑर्डर नाही, दाखवायचं सिलिंडर रिकामं, आणि एका बापाच्या घरचं कार्य मी नासवलेलं. भिंतीला टेकून मी रडायला लागले.

आचाऱ्याच्या भुवया जळल्या होत्या. तो मुलीच्या वडिलांना म्हणाला, "काका, नळी माही पेटली. ताई नसत्या तर मांडव गेला असता. खिचडी टाकतो मी." मग माझ्याकडे वळला. "रडून काहून राह्यल्या, ताई? कांदे चिरा."

मी चिरले. वऱ्हाड उशिरा जेवलं, कुरकुरत जेवलं. मुलीच्या वडिलांनी मलाही पानावर बसवलं, पण दोन घास खाऊन मी वाढायला उठले.

सोमवारी तरीही दुकानात गेले. मालक आधी चिडले. मग सगळं ऐकून घेतलं. "सिलिंडर भरून घ्या," म्हणाले, "आणि निघा फिरतीवर."

त्या कार्यालयानं अजूनही काही घेतलेलं नाही. आचाऱ्यानं पुढं आपल्या टेम्पोसाठी एक घेतलं. ती माझी पहिली विक्री. नोकरी टिकली आहे. पण नव्या दारात उभी राहिले की आजही आधी हात सिलिंडरच्या पिनेवर जातो, मग नमस्कार सुचतो.