राख निवेपर्यंत

वेल्डिंग चालू असताना काशीदादा कुणाला बोलू देत नसत. खोकलाही दाबून ठेवावा लागे. ठिणग्यांची त्यांना फिकीर नव्हती. ते कान लावून असत. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. तापलेलं बीड तडकताना एकदाच, बारीकसा, टक् असा आवाज येतो. त्या आवाजाला हा धिप्पाड माणूस जन्मभर घाबरत आला होता. "भीती हाय तवर हात बरा चालतो, मास्तर," ते मला म्हणत.

कळंबोलीत ट्रक टर्मिनलच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. फुटलेले ब्लॉक ते जोडून देत. आमची ओळख झाली ती माझ्या धाकट्या भावामुळे. घाटात सुनीलच्या ट्रकचं इंजिन तापलं आणि त्याने त्यावर गार पाणी ओतलं. ब्लॉकला वीतभर तडा गेला. गाडी जुनी, दुसरा ब्लॉक मिळेना.

दादांनी तड्यावरून बोट फिरवलं. "जरा दम नाय धरला?"

"मागे गाड्यांची रांग लागली होती, दादा."

"रांग घरी गेली. तुजा ब्लॉक बग कुठं आलाय."

तडा पुढे पळू नये म्हणून त्यांनी त्याच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली. ब्लॉक कोळशावर तापवून जोडला आणि विटांच्या खड्ड्यात राखेखाली पुरला. "दोन दिवस हात लावायचा नाय. आतून-बाहेरून एकदमच निवला पायजे."

हाच ब्लॉक घेऊन सुनील भरल्या गाडीने घाट चढणार होता. चढावर इंजिन बंद पडलं तर? मागे घरंगळणारा ट्रक माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याच दुपारी मी शेडवर गेलो. दादा जेवायला गेले होते. मला फक्त पाहायचं होतं. ओंजळभर राख बाजूला सारली. तोंडावर झळ आली. मग, टक्.

मी राख सारखी केली, घरी आलो आणि कितीतरी वेळ हात धूत राहिलो.

तिसऱ्या दिवशी ब्लॉक बाहेर निघाला. दादांनी जोडावर रॉकेल लावून पुसलं आणि खडूची पूड चोळली. तडा असला की आत शिरलेलं रॉकेल पुडीतून वर येतं. काही आलं नाही. सुनीलने टेम्पो आणलाच होता.

"उचलू का, दादा?"

दादा माझ्याकडे पाहत होते. "मास्तर, तुमी गप का?"

मी नेहमीच गप्प असतो, असं म्हणता आलं असतं. सुनील वाकून ब्लॉकला दोर बांधत होता. त्याची उन्हाने रापलेली मान मला दिसत होती.

"मी राख उकरली होती," मी म्हणालो. "आवाज आला."

सुनीलचा हात दोरावरच थांबला. दादांनी ब्लॉक आडवा करायला लावला आणि आतून, सिलिंडरच्या भिंतीला रॉकेल-खडू केला. हळूहळू केसाएवढी काळी रेघ उमटली.

"तुमच्या घरात दम कुणालाच नाय," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, "राखेत बोटं उमटलेली दिसली होती. तुमी बोलायची वाट बगत होतो."

"नसतो बोललो तर?"

"ब्लॉक दिला नसता. तुमालाबी परत आत घेतलं नसतं."

त्यांनी तो पुन्हा जोडला. या वेळी दोन्ही दिवस मी हात मांडीखाली घेऊन स्टुलावर बसून राहिलो. सुनील आजही त्याच ब्लॉकवर घाट चढतो, आणि वर पोचल्याचा त्याचा फोन येईपर्यंत माझं वाचनात लक्ष लागत नाही. दादांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं हाय. भीती गेली की सांगा, मग बगू."

गेल्या महिन्यात शेडमध्येच ते छातीला हात लावून खाली बसले, ते उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी सावडायला गेलो. राख वरून पांढरी, निवलेली दिसत होती. दादांचा थोरला मुलगा पाण्याची कळशी घेऊन पुढे झाला. मी तळवा राखेजवळ नेला. आत धग होती.

"थांब जरा," मी म्हणालो.

भटजींनी घड्याळ पाहिलं. मागे दुसऱ्या घरची माणसं ताटकळली होती. मुलाने कळशी खाली ठेवली. मी हात मागे घेतला आणि कान देऊन उभा राहिलो.