दोन वेळची सभा

मले कोणी विचारलं, का तुमचे घरवाले रिटायर होऊन काय करून राहिले, तर मी सरळ सांगते, सभा घेऊन राहिले. एक नाही, दोन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाले एक आन् संध्याकाळी पाचले दुसरी. विषय तेच, ठराव तेच, बिस्किटंही त्याच पुड्यातली. माणसं तेवढी वेगळी. असा प्रकार अख्ख्या छत्तीसगढात दुसरीकडं कुठं असन तर मले दाखवा, मी पायी जाऊन पाहून येते.

आमचे हे म्हणजे हरिभाऊ कापगते. मूळचे साकोलीकडचे, धानवाल्या घरचे. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडण्यात उभा जन्म काढला, त्यामुळं भिलाईत कोण कोणत्या शिफ्टले आहे हे ह्यायले तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस तेवढा पाठ नाही. चौदा वर्षांपूर्वी ह्यायच्या डोक्यात सोबती क्लब शिरला, हे शाखेचे सेक्रेटरी झाले, आन् माह्या सेक्टर सहाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बारा व्हीलचेअर, नऊ वॉकर आन् दवाखान्याचे तीन पलंग शिरले. ज्याच्या घरी कोणी आजारी पडलं तो घेऊन जाते, माणूस हिंडाफिराले लागला की आणून ठेवते. मले तुळशीले पाणी घालायचं असलं तर पलंग ओलांडून जावं लागते. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. वरून भाकऱ्यायचं पीठही मीच मळायचं.

या क्लबाची मांडणी अशी, का वर रायपूरले प्रांत, प्रांताखाली झोन, आन् झोनाखाली आमच्यासारख्या शाखा. प्रांत शाखेले सनद देते. ती सनद टिकवायची तर वीस मेंबर पाहिजेत, महिन्याले सभा पाहिजे, आन् वर्षातून एकदा झोनची माणसं पाहणीले आली का एका सभेत पंधरा जण तरी बसलेले दिसले पाहिजेत. नाही दिसले तर सनद परत, शाखा शेजारच्या मोठ्या शाखेत जमा. आमची जमा झाली असती दुर्गात.

रायपूरवाल्यायले काय ठाऊक शिफ्ट काय असते. आमच्या वीसातले चौदा शिफ्टवाले. फर्स्टवाला सकाळी प्लांटमंधे, सेकंडवाला संध्याकाळी प्लांटमंधे, नाईटवाला दिवसा झोपलेला. पहिल्या सभेले सात टाळकी आली. मंग ह्यायनं टाइम ऑफिसचं डोकं लावलं. एकाच दिवशी दोन सभा. सकाळचं म्हणणं हे संध्याकाळवाल्यायले सांगत, संध्याकाळचं म्हणणं पुढच्या महिन्यात सकाळवाल्यायले. रजिस्टरात सभा एकच लिहीत, हजर अठरा. झोनचे जुने साहेब चहा पिऊन रजिस्टरावर सही करत आन् जात.

पण शिफ्टा बदलल्या तरी माणसं बदलेनात. जो एकदा सकाळी बसला तो सकाळचाच झाला. सकाळी ड्युटी पडली तर सभा बुडवन, पण संध्याकाळवाल्यायत जाऊन बसणार नाही. दोन वराती आन् घोडा एक. तो घोडा कोण, हे मी सांगायले नको.

सकाळवाल्यायच्या पुढारी नूतनबाई, शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. संध्याकाळवाल्यायचे भैय्याजी, सेक्टर दहाच्या बाजारात त्यायचं टेंट हाऊस आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात क्लबनं बाजारात प्याऊ, म्हणजे पाणपोई, लावली. भैय्याजीनं मटके दिले, आन् प्रत्येक मटक्यावर ऑइल पेंटनं मोठं करून लिहिलं, भैय्याजी टेंट हाऊस. नूतनबाई सकाळच्या सभेत म्हणाल्या, "पाणी पाजून राहिले का जाहिरात करून राहिले? त्यायले सांगा, लाज असन तर पुसून टाका." ह्यायनं संध्याकाळी ते सांगतलं का? नाही. भैय्याजीले दुसऱ्याच कोणाकडून कळलं, तर ते म्हणे, "मास्तरीणबाईले सांगा, पाणी पाजाले बी.एड. लागत नाही."

आता ह्या माणसानं काय केलं ऐका. नूतनबाईले सांगतलं, का भैय्याजीनं माफी मागतली, म्हणे माझं चुकलं. भैय्याजीले सांगतलं, का नूतनबाईनं माफी मागतली, म्हणे मी जास्त बोलली. आन् पहाटे माह्या स्वयंपाकघरातलं रॉकेल घेऊन सगळे मटके स्वतः घासून आले. भैय्याजीले म्हणे, रंगच हलका होता, पाण्यानं गेला.

मी तेव्हाच म्हटलं, "अहो, हे खोटं आहे. एक दिवस दोघं समोरासमोर येतीन."

"येतीन कशाले," हे म्हणे, "दोघायच्या वेळा वेगळ्या आहेत."

मी सरळ बोलणारी बाई. माह्या मायनं मले शिकवलं, का पोटात एक आन् ओठात एक ठेवू नको. म्हणून मले या प्रकाराची भारी चीड. मटक्यायवरच थांबलं असतं तर एक गोष्ट. पण ह्यायले चटकच लागली. इकडचा टोमणा तिकडं जाईपर्यंत नमस्कार होऊन जाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत नऊ वर्षं काढली. आन् मी नऊ वर्षं बजावून राहिली, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

यंदा झोनवर नवीन बाई आल्या, मधुवंतीताई, दुर्गच्या. कामाच्या पक्क्या. रविवारी सकाळी न कळवता येऊन बसल्या, आठ माणसं मोजली, बाकीचे कुठं म्हणून विचारलं. ह्यायनं सांगतलं, संध्याकाळी येतात. ताई म्हणाल्या, "असं नाही चालत काका. सभा म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसणं." महिन्याची मुदत दिली. पुढच्या पहिल्या रविवारी पंधरा जण एका वेळी दाखवा, नाहीतर शाखा दुर्गात.

त्या दिवशी हे जेवले नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या ना दुर्गात. माहा व्हरांडा मोकळा होईन."

हे म्हणे, "शाखा गेली तर मी काय करू सरला? ऑफिस गेलं. आपला पोरगा पार्थ पुण्याले गेला. आता लोक मले विचारतात ते या सभेपायी. हे गेलं तर मले कोण विचारणार?"

मले राग आला. मी आहे ना विचाराले. मी त्यायचं ताट झाकून ठेवलं.

मंग महिनाभर हे स्कूटर घेऊन दारोदार. जुन्या ओळखीनं कोणाची शिफ्ट बदलून दिली, कोणाच्या सुपरवायझरच्या हातापाया पडले. संध्याकाळवाल्यायतला उतईचा फकिरा नाईट करून न झोपता यायले तयार झाला. एकोणीस जणायनं हो म्हटलं. आन् जसजसे लोक हो म्हणत गेले, तसतसा ह्यायचा चेहरा उतरत गेला. कशापायी, ते फक्त मले ठाऊक होतं.

मी म्हटलं, "सभेआधी दोघायले खरं सांगून टाका."

"सांगतो," म्हणे. नाही सांगतलं.

त्या रविवारी मीही गेली. हॉलमंधे सकाळवाले डावीकडं, संध्याकाळवाले उजवीकडं, मधी चालायले वाट. लग्नात पोरीकडचे आन् पोराकडचे बसतात तसे. मधुवंतीताईनं मोजलं, एकोणीस. लिहून घेतलं. चहा आला. तिथंच सभा संपवली असती तर काय बिघडत होतं? पण ताईनं कौतुक केलं, का चौदा वर्षांची शाखा आन् एकही तक्रार प्रांताकडं नाही, बाकीच्यायनं शिकावं.

भैय्याजी फुलून उभे राहिले. "ताई, मन मोठं ठेवावं लागते. आता ह्या नूतनबाई. त्यायनं माही माफी मागतली, तर मीही विषय वाढवला नाही."

नूतनबाईनं कप खाली ठेवला. "कोणी मागितली माफी? माफी तुम्ही मागितलीत. हरिभाऊंनी मला येऊन सांगितलं."

"मी? मी तर म्हटलं होतं, पाणी पाजाले बी.एड. लागत नाही."

"असं म्हणाला होतात तुम्ही?"

झालं. आधी मटके निघाले, मंग नेत्र शिबिरातलं भांडण निघालं, मंग गेल्या नऊ वर्षांत कोण कोणाले काय बोललं ते सगळं निघालं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, हरिभाऊ तर असं म्हणाले होते. हे टेबलाशी रजिस्टर धरून बसले होते, मान खाली. मले वाटलं उठून म्हणावं, घ्या, मी सांगत नव्हती? पण मी रिकामे कप गोळा कराले लागली.

मागून फकिरा उठला. रात्रभर जागलेला, डोळे लाल. "हरिभाऊ, मले कावीळ झाली होती तवा तुमी दर रविवारी येऊन सांगत, का सकाळवाले सगळे माही विचारपूस करून राहिले. ते खरं होतं ना?"

डावीकडचे एकमेकांकडं पाहाले लागले. फकिराले कावीळ झाली होती, हे त्यातल्या एकालेही ठाऊक नव्हतं.

फकिरा खाली बसला. तो उभा राहून शिव्या देता तर मले बरं वाटलं असतं.

मधुवंतीताईनं टेबल वाजवलं. म्हणाल्या, संख्या भरली, सनद राहिली, शाखा कुठं जात नाही. मात्र यापुढं सभा एकच. नूतनबाईनं ठराव मांडला, का सेक्रेटरी बदलावा. भैय्याजीनं अनुमोदन दिलं. सकाळ आन् संध्याकाळ दोघायनं मिळून मांडलेला हा शाखेचा पहिला ठराव. हात वर झाले. फकिरानं केला नाही, बाकी सगळ्यायनं केला. ठराव लिहून घ्यायचं काम सेक्रेटरीचं, म्हणून ह्यायनंच लिहिला, सुवाच्य अक्षरात, खाली सही केली.

घरी येऊन हे पलंगावर पडले ते पडलेच. सोमवार गेला. फोन वाजला नाही. व्हीलचेअर न्यायलेही कोणी आलं नाही. मले चौदा वर्षं पाहिजे होती ती शांतता घरात आली, आन् मले ती खायले उठली. दोनदा मी उगीच भांडण काढलं. हे भांडलेही नाही.

मंगळवारी दुपारी भैय्याजी रजिस्टर आन् कपाटाची चाबी न्यायले आले. आत या म्हटलं तर आले नाही, दारातच उभे. मी चाबी दिली. जाता जाता म्हणे, "वहिनी, त्यायले माहा एक निरोप सांगा. म्हणा, भैय्याजी मेला तरी खांदा द्याले येऊ नका."

मी म्हटलं, सांगते. स्कूटर गेली.

आतून ह्यायचा आवाज आला. दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "कोण, भैय्याजी होते का? काय म्हणे?"

मी दाराची कडी लावली. मंग आत गेली.

"काही नाही. तब्येत सांभाळा म्हणे. राग उतरला का चहाले येतो म्हणे."

हे माह्याकडं पाहत राहिले. मी पदरानं उगीच हात पुसले. नऊ वर्षं हेच काम केलेला माणूस, त्याले काय कळत नसन?

"बरं," हे म्हणे, आन् उठून बसले. "नूतनबाईचा काही निरोप आला, तर तोही असाच सांगजो."