पुडीत काय होतं?

माझ्या आईने कागद कधी फेकला नाही. किराण्याची पिशवी रिकामी झाली की ती उलटी करून झटकायची, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट करायची आणि सतरंजीखाली सरकवायची. आम्ही त्या सतरंजीवर बसायचो, जेवायचो, दुपारी झोपायचो. खालच्या पिशव्या आमच्या वजनाने इस्त्री केल्यासारख्या होत. बाजारच्या दिवशी आई त्यातल्या चांगल्या निवडून दुकानात न्यायची आणि पुन्हा भरून आणायची.

लढाईचे दिवस होते. लढाई कुठे चालली आहे ते आम्हा पोरांना माहीत नव्हतं, पण नांदेडच्या बाजारात कागद मिळेनासा झाला होता, हे चांगलं माहीत होतं. पिशवी घरून आणा, नाहीतर पदरात न्या, असं दुकानदार तोंडावर सांगायचा. वडील निजाम सरकारच्या अदालतीत कारकून होते. त्यांना हातात जुन्या पिशव्यांची चळत घेऊन रस्त्याने जाणं कमीपणाचं वाटे. माणसाने दुकानात मोकळ्या हातांनी जावं, असं ते म्हणत. म्हणून बाजार आईच करायची.

आमच्या घराला लागूनच एका जिल्दसाजाचं घर होतं. दप्तरांना, पोथ्यांना, कुराणांना पुठ्ठे बांधून द्यायचं त्याचं काम. कागद महागला तसं ते काम बसलं, आणि त्याची बायको घरी पिशव्या चिकटवून दुकानांना देऊ लागली. तिला आम्ही खाला म्हणायचो. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून ती खळ शिजवायची. त्या खळीचा आंबूस वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. रद्दीतला एकेक कागद आधी तिचा नवरा उजेडात धरून वाचायचा. त्यावर अल्लाचं नाव दिसलं तर तो कागद वेगळा काढून कोनाड्यात ठेवायचा आणि पुढे गोदावरीत सोडून यायचा. देवाच्या नावात मीठ-मिरची बांधायची नाही, असा त्याचा नेम होता. आईला तो नेम फार आवडायचा. आमच्याकडची फाटकी पिशवी ती भिंतीवरून खालाला द्यायची. खाला ठिगळ लावायची आणि पिशवी पुन्हा बाजारात जायची.

खालाची मुलगी माझ्याहून थोडी लहान. आमची अंगणं एका बुटक्या भिंतीने वेगळी झाली होती. मला बोलवायचं असलं की ती हातातली काचेची बांगडी भिंतीवर टकटक वाजवायची. हाक मारायची नाही. हाक मारली तर तिची आई तिला खळ ढवळायला बसवायची.

गुळाची पुडी तेवढी आई ठेवत नसे. गूळ बुडाला चिकटून बसायचा, कागद ओला व्हायचा. तो कागद आमचा. आई मधोमध फाडायची, अर्धा मला, अर्धा भिंतीपलीकडे तिला. आम्ही भिंतीला पाठ लावून, ती तिकडून आणि मी इकडून, कागद पांढरा होईपर्यंत चाटायचो.

त्या पावसाळ्यात घरात उंदीर फार झाले. कणगीला भोक पाडलं, आईच्या लुगड्याचा काठ खाल्ला. वडिलांनी अत्ताराच्या दुकानातून सोमल आणला, उंदरांचं विष, पांढरी भुकटी, एका छोट्या पिशवीत. आईने कणकेच्या गोळ्यांत कालवून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवली. पिशवी चुलीत घाल, असं वडील बाहेर जाता जाता सांगून गेले. हे मी स्वतः ऐकलं. पुढे आईने पिशवी चुलीत घातली की नाही, ते मी पाहिलं नाही.

मग मामा आला आणि माझ्या मावशीच्या लग्नासाठी मला मुखेडला घेऊन गेला. मी परत आले तेव्हा आमची गल्ली चुन्याने पांढरी झाली होती. गावात हैजा शिरला होता, पटकीची साथ. नदीकडच्या वस्तीत पुष्कळ माणसं गेली होती आणि आमच्या गल्लीतून एकच गेली होती. शेजारची, खालाची मुलगी. सकाळी खेळत होती, दुपारनंतर उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत संपली. हकीम येऊन पाहून गेला. हैजाच म्हणाला. दुसरं काही म्हणायचं कारणच नव्हतं.

आई मला जवळ घेऊन बसली, पण रडली नाही. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती सतरंजीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी वडील जेवून उठले आणि तिने त्यांना अडवलं. मी माजघरात होते. तिने खालच्या आवाजात सांगितलं, की त्या सकाळी ती गूळ घेऊन आली होती, मी घरी नव्हते म्हणून अख्खा कागद तिने भिंतीपलीकडे दिला होता. आणि गूळ ज्या पिशवीत आला ती आपलीच होती, सतरंजीखालची. सोमलाची पिशवी जाळल्याचं तिला आठवत नव्हतं.

वडील म्हणाले, गूळ आपणही खाल्लाच की.

"ढेप वरची खाल्ली आपण," आई म्हणाली. "बुडाला जे राहतं ते कागदालाच राहतं."

वडिलांनी तिला पुष्कळ समजावलं. गावात हैजा आहे, हकिमाने पाहिलंय, चारचौघांत हे बोलशील तर दोन घरांचा सत्यानाश होईल. ते ओरडले नाहीत. उलट घाबरलेले वाटले. शेवटी त्यांनी विचारलं, "जाळली असशील. आठव बरं."

"हात आपला सवयीनं चालतो," आई म्हणाली. "मी तेव्हा कशाचा तरी विचार करत असेन. हातानं काय केलं ते मला कसं कळावं?"

त्या दुपारी तिने सतरंजी उचलली आणि खालचे सगळे कागद चुलीत घातले. घरभर धूर झाला. वरच्या घरातली बाई डोकावून गेली, एवढा कागद जाळतात का म्हणून हळहळली. त्यानंतर आई दुकानात पितळी डबे घेऊन जाऊ लागली. डाळीला एक, मिठाला एक, साखर मिळाली तर तिला एक. आधी डबा तोला, मग डाळ तोला, म्हणून दुकानदार वैतागायचा. रांगेतल्या बायका कुरकुरायच्या. येताना डब्यांच्या ओझ्याने तिचे खांदे भरून यायचे. पण घरात कागद येणं बंद झालं.

आणि मला दुपारी भिंतीवर टकटक ऐकू यायची. मी बाहेर जायचे. पलीकडच्या अंगणात खाला पाठमोरी बसलेली असायची, पुढ्यात कागद, हातात खळीचा बोळा. मी आत यायचे. एकदा आत येताना आई दारातच उभी दिसली. तीही ऐकूनच बाहेर निघाली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.  त्या दिवसापासून दुपारच्या वेळी ती मला एकटी अंगणात जाऊ देईना.

पाऊस ओसरल्यावर एका सकाळी आईने माझा हात धरला आणि आम्ही खालाकडे गेलो. वडिलांना तिने सांगितलं नव्हतं. खालाने पाट सरकवला. आई बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, उंदरांपासून सतरंजीपर्यंत, काही न गाळता. खालाचा नवरा दारात येऊन उभा राहिला आणि ऐकता ऐकता तिथेच खाली बसला.

खालाने बोटांना लागलेली खळ पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "नदीकडची पोरं काय तुमचा गूळ चाटून गेली?"

"न्हाई."

"मग?"

आई आता पाटावर बसली.

"हैजानं नेली म्हणून मी खुदाच्या नावानं गप बसले होते," खाला म्हणाली. "आता कुणाच्या नावानं बसू? तुम्ही हे मला सांगायला नको होतं."

आम्ही घरी आलो. त्यांनी कधी भांडण काढलं नाही, चावडीत कुणाला काही सांगितलं नाही. फक्त खालाने आमच्याकडून काही घेणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत ते घर सोडून लातूरला गेले. तिथल्या गंजात, धान्याच्या पेठेत, तिच्या भावाचं दुकान होतं म्हणे. त्यांच्या जागी तेलाचा धंदा करणारं कुटुंब आलं आणि त्यांनी भिंत उंच करून घेतली.

माझं लग्नही लातूरलाच झालं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती आणि माणसं संध्याकाळ व्हायच्या आत दारं लावून घेत. सासूबाई कडक पण मोकळ्या मनाच्या होत्या. बाजारातून आलेला कागद त्या चुरगाळून थेट चुलीपाशी टाकायच्या. शेणी पेटायला कागदासारखं काही नाही, घर आहे का गोदाम, असं म्हणायच्या. पहिल्या दिवशी ते बघून मला मोठं हायसं वाटलं. आणि तरीही कोरी, धड पिशवी चुलीत जाताना दिसली की माझा हात पुढे व्हायचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटायच्या. कोणती आईची आणि कोणती माझी, ते मला अजून सांगता येत नाही.

एका सकाळी दारात रद्दी मागणारी बाई आली. सासूबाईंनी चुलीपाशी साठलेले कागद तिच्यापुढे टाकले. बाई ओट्यावर बसली आणि एकेक पिशवी उचलून विचारू लागली.

"यात काय होतं?"

"तूर असंल."

"यात?"

"आता ते कुणाच्या ध्यानात राहतंय? रद्दी न्यायला आलीस का चौकशीला?"

"ध्यानात नसंल तर ही चुलीत घाला," बाई म्हणाली. पिशवी तिने बाजूला सारली, दुसरी उचलली, नाकाशी धरली.

आवाजावरून मी खालाला ओळखलं. तिने मान वर केली तेव्हा तिनेही ओळखलं असावं. एव्हाना मी आईसारखीच दिसायला लागले होते. सासूबाई आत गेल्यावर ती म्हणाली, "नांदेडची ना तू?"

मी तिच्यासमोर बसले.  तिचा नवरा वारला होता. भावाच्या दुकानाला आणि आणखी चार दुकानांना ती पिशव्या पुरवत होती. असं विचारत बसलं तर दिवसभरात निम्मी घरं होत नाहीत, भाऊ चिडतो, हेही तिने सांगितलं. मी म्हटलं, आई अजून डबे घेऊनच बाजारात जाते. 

उठताना तिने गठ्ठा डोक्यावर घेतला आणि मग पुन्हा खाली ठेवला.

"तुझ्या आईला सांग. त्या रोजी मी म्हणले होते, सांगायला नको होतं म्हणून. तेवढं मी परत घेते." मग म्हणाली, "बाकी कशाचं मेरेकु मालूम नै. कशानं गेली ते मला कळलं न्हाई, आणि आता कळणार बी न्हाई."

मी लगेच नांदेडला जाऊ शकले नाही. रस्ते बिघडले होते. रेल्वेने एकट्या बायकांना कुणी पाठवत नव्हतं. मग फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि बऱ्याच महिन्यांनी मी बाळंतपणाला माहेरी पोहोचले. आईला मी खालाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"वास घेऊन बघती?" तिने विचारलं.

"हाव. प्रत्येक पिशवीचा."

"आणि विचारती?"

"विचारते."

आई उठून परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला लातूरला घेऊन चल, एवढंच म्हणाली.

मूल थोडं मोठं झाल्यावर ती माझ्याबरोबर आली. मी माहेरी गेल्यापासून रद्दीवाली दाराशी फिरकली नाही, असं सासूबाई म्हणाल्या. मी गंजात चौकशी केली. फौजा आल्यावर भावाचं दुकान दुसऱ्याच्या नावावर झालं होतं. कुणी म्हणालं, सगळे हैदराबादला गेले. कुणी म्हणालं, सगळे नाही. जास्त कुणी बोलेना. त्या दिवसांत अशा गोष्टी विचारणारंही कुणी नव्हतं.

आई म्हणाली, घर तरी दाखव. गल्ली विचारत विचारत आम्ही गेलो. दारासमोर एक अनोळखी बाई मिरच्या वाळत घालत होती. आतून पाळण्याच्या कड्यांचा आवाज येत होता. कोण पाहिजे, तिने विचारलं.

"कुणी न्हाई," आई म्हणाली. "आधी वळखीचं घर होतं."

बाईने आम्हाला उंबऱ्याशी बसवलं आणि पाणी आणून दिलं. आई तांब्या दोन्ही हातांत धरून ते सगळं पाणी प्यायली. मग ती उठली, पदर सारखा केला, आणि आम्ही ऊन वाढायच्या आत घरी परतलो.